पारनेरच्या पावसाचा पत्ता समुद्रात

रोहिण्या सरत आल्या की आमच्या पारनेर तालुक्यात बायकांच्या बोलण्यात एकच विषय असतो. यंदा मृगाचं वाहन काय? बेडूक, म्हैस किंवा हत्ती निघाला तर जरा हायसं वाटतं. गाढव नाहीतर कोल्हा निघाला की जुन्या बायका 'अवघड आहे बाई' म्हणून मान हलवतात. पंचांग घरात असतंच, त्याला कुणाची ना नाही. पण मैत्रिणींनो, एक गोष्ट कधी मनात आली का? हे वाहन अख्ख्या महाराष्ट्राला एकच असतं. तेच वाहन कोकणात धो धो कोसळतं आणि आमच्या कान्हूर पठारावर नुसता भुरभुर शिडकावा करून निघून जातं. म्हणजे पावसाचं गणित आणखी कुठेतरी मांडलं जात असणार.

हे गणित आपल्याला का हवं, ते आधी सांगते. मी गावोगावच्या बचत गटांचं काम पाहते. पावसाचा लहरीपणा मला आभाळात दिसण्याआधी गटाच्या वहीत दिसतो. जूनमध्ये कर्जाच्या कारणापुढे लिहिलेलं असतं, बी-बियाणं. पाऊस बरा झाला तर जुलैत मुलांच्या वह्या-पुस्तकांसाठी, दवाखान्यासाठी पैसे उचलले जातात. आणि खंड पडला तर त्याच नावापुढे पुन्हा तेच कारण येतं, बी-बियाणं, दुबार पेरणी. मृगाच्या पहिल्या सरीवर मूग पेरला, वाटाणा टाकला, कोंब वर आले आणि मग तीन आठवडे आभाळ कोरडं. कोंब करपतात आणि घरातली शेळी बाजारात जाते. नाहीतर कानातलं सोनाराकडे. दुबार पेरणीचं पहिलं ओझं बाईच्या अंगावरच्या दागिन्यावर पडतं, हे मी वेगळं सांगायला नको.

एका बैठकीत एका मावशींनी मला सरळ विचारलं, 'ताई, हा पाऊस येतो आणि मध्येच पळून जातो, ते ठरतं तरी कुठं?' माझं शिक्षण बी.ए.पर्यंतचं. पण प्रश्न चांगला होता. वाचत गेले, जाणत्यांना विचारत गेले. उत्तर सापडलं ते समुद्रात. आणि ते शोधण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांत एक मराठी बाई अगदी पुढे होत्या, हे कळल्यावर तर मला फार बरं वाटलं. त्यांचं नाव डॉ. सुलोचना गाडगीळ.

पुण्याच्या फाटकांची सुलोचना

सुलोचनाबाईंचा जन्म १९४४चा, पुण्याच्या फाटकांच्या घरातला. फर्ग्युसन कॉलेजात त्या शिकल्या, पुणे विद्यापीठातून त्यांनी उपयोजित गणितात एम.एस्सी. केलं आणि पुढे अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेल्या. यजमान माधव गाडगीळही तिथेच जीवशास्त्रात संशोधन करत होते. पश्चिम घाटाच्या अहवालामुळे पुढे ज्यांचं नाव घराघरात गेलं, तेच हे माधवराव. आणि सासरे कोण? अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. विठ्ठलराव विखे पाटलांच्या साथीने आपल्या जिल्ह्यात प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याचे हे पहिले अध्यक्ष. म्हणजे पाहा, मानसूनचा अभ्यास करणारी ही बाई आपल्या नगर जिल्ह्याशी, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याशी, सासरच्या नात्याने जोडलेलीच म्हणायची.

हार्वर्डमध्ये त्यांनी विषय घेतला तो समुद्राच्या प्रवाहांचा. अटलांटिक महासागरात गल्फ स्ट्रीम नावाचा एक प्रचंड कोमट प्रवाह आहे. अमेरिकेच्या किनाऱ्याजवळून तो उत्तरेला जातो आणि पुढे नदीसारखी वळणं घेतो. ही वळणं का पडतात, याचं गणित त्यांनी प्रा. ॲलन रॉबिन्सन यांच्याबरोबर मांडलं. १९७०मध्ये पीएच.डी. झाली. १९७१मध्ये नवरा-बायको दोघंही मायदेशी परतली. सुलोचनाबाई आधी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत काम करू लागल्या आणि १९७३मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. तिथला वातावरण आणि महासागर विज्ञानाचा विभाग उभा करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. त्या काळात एक बाई, गणित घेऊन, समुद्र आणि ढगांच्या मागे लागते! दोन मुलं वाढवत हे सगळं केलं. जुलै २०२५मध्ये, वयाच्या ८१व्या वर्षी त्या गेल्या.

जमीन तापते म्हणून पाऊस?

शाळेच्या भूगोलात आपण काय शिकलो? उन्हाळ्यात जमीन तापते, समुद्र त्या मानाने थंड असतो, म्हणून समुद्रावरून वारे जमिनीकडे येतात आणि पाऊस पडतो. ही कल्पना फार जुनी. एडमंड हॅली या इंग्रज शास्त्रज्ञाने ती १६८६मध्ये मांडली होती. ऐकायला सोपी आहे, पण आपल्या अंगणात लावून बघा. आपल्याकडे सगळ्यात जास्त तापतं ते मे महिन्यात. पाय भाजतात, माठातलं पाणीसुद्धा कोमट लागतं. मग मुख्य पाऊस मे महिन्यातच का येत नाही? आणि ज्या वर्षी पाऊस कमी, त्या वर्षी जमीन उलट जास्तच तापलेली असते. नुसत्या तापलेल्या जमिनीनेच पाऊस ओढून आणला असता, तर दुष्काळाच्या वर्षी धो धो पडायला हवा होता!

मग खरं काय? विषुववृत्ताजवळ पृथ्वीभोवती ढगांचा एक पट्टा असतो. दोन्हीकडचे वारे तिथे एकत्र येतात, दमट हवा वर चढते, ढग होतात, पाऊस पडतो. सूर्य उत्तरेला सरकला की हा पट्टाही सरकतो. हिंदी महासागरावरून तो उन्हाळ्याच्या शेवटी भारतावर येतो, आणि हाच आपला मानसून. १९७०च्या दशकात उपग्रहांची रोजची चित्रं मिळू लागली. डी. आर. सिक्का आणि सुलोचनाबाईंनी ती एकेक करून तपासली आणि १९८०मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. भारतावरचा ढगांचा पट्टा आणि समुद्रावरचा पट्टा ही एकाच जातीची गोष्ट आहे, हे त्यात दाखवलं होतं.

त्यांना आणखी एक गोष्ट दिसली, आणि आपल्या मावशींच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच आहे. जमिनीवर आलेला पट्टा चार महिने एका जागी ठाण मांडून बसत नाही. तो मधूनच विरतो. मग विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर नवा पट्टा तयार होतो आणि हळूहळू उत्तरेला सरकत येतो. दोन ते सहा आठवड्यांच्या अंतराने हे पुन्हा पुन्हा होतं. म्हणजे जमिनीवरचा पाऊस पुन्हा जोर धरतो तो समुद्रावरून येणाऱ्या या रसदीमुळे. खंड पडला, पाऊस दडी मारून बसला असं आपण म्हणतो, तेव्हा पाऊस रुसलेला नसतो. पुढची खेप अजून समुद्रावरून निघालेली नसते, किंवा वाटेत असते.

तवा आणि भाकरी

आता ढग समुद्रावर तयार होतात, पण कुठल्या समुद्रावर? १९८४मध्ये सुलोचनाबाई, पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांनी 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात एक निबंध लिहिला. समुद्राच्या पृष्ठभागाचं पाणी साधारण २८ अंश सेल्सिअसच्या वर गेलं तरच तिथे मोठे, दाट ढग भरपूर तयार होतात, असं त्यांना आढळलं. त्याखाली पाणी थंड असेल तर ढगांचं बळ फारसं जमत नाही. पण पाणी २८ अंशांच्या वर गेलं म्हणजे ढग होतीलच, असंही नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर तवा तापल्याशिवाय भाकरी फुगत नाही. पण तवा तापला म्हणून प्रत्येक भाकरी फुगतेच असंही नाही. पीठ कसं मळलंय, पाणी किती लागलंय, यावरही ते असतं. तसं वाऱ्याची साथही लागते. बंगालचा उपसागर हा असा तापलेला तवा आहे. तिथे उठलेली ढगांची फळी जमिनीवर चढते आणि देशाच्या मध्यभागाकडे सरकते. आपण सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीतली माणसं. अरबी समुद्रावरून आलेले ढग घाटावर रिते होतात आणि पारनेरपर्यंत येईतो त्यांच्याकडे द्यायला थोडंच उरतं. म्हणून तर आपल्या जिल्ह्यात सप्टेंबरच्या पावसाला एवढं मोल. तो झाला तर रब्बीची ज्वारी, नाहीतर चाऱ्याचीही वानवा.

समुद्रातल्या नद्या

समुद्राचं पाणी जागच्या जागी डुचमळतं, असं आपल्याला वाटतं. खरं म्हणजे त्यात प्रचंड नद्या वाहत असतात. आपल्या हिंदी महासागराची तर जगावेगळी तऱ्हा आहे. त्याच्या उत्तरेला आशिया खंडाची भिंत. इथले प्रवाह ऋतूप्रमाणे चक्क उलटे फिरतात. आफ्रिकेच्या सोमालिया किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात उत्तरेकडे धावतो आणि हिवाळ्यात दक्षिणेकडे. शिडाच्या गलबतांवरून व्यापार करणाऱ्यांना ऋतूंचं हे वळण पक्कं ठाऊक होतं. पावसाळ्यात सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यापाशी जोराचे वारे वरचं पाणी दूर लोटतात आणि त्याच्या जागी खोलातलं गार पाणी वर येतं. वारे जितके जोराचे, तितकं गार पाणी जास्त. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे.

दुसरा एक प्रवाह त्याहून मोठा आणि फार संथ आहे. अटलांटिकच्या उत्तरेला, ग्रीनलंडच्या आसपास, पाणी गार आणि खारट होतं. गार पाणी जड, खारट पाणी आणखी जड. म्हणून ते तळाशी बसतं आणि तळातूनच जगभराच्या महासागरांत पसरत जातं. ते पुन्हा वर यायला शेकडो, कधी हजार वर्षं लागतात. पृथ्वीवरची उष्णता इकडून तिकडे वाटण्याचं काम हा प्रवाह करतो. घरातली कर्ती बाई जशी सगळ्यांच्या पानात मोजून वाढते, तसंच. तिनेच हात आखडला तर पंगतीच्या दुसऱ्या टोकाला बसलेला माणूसही उपाशी राहतो.

हे खरोखर घडून गेलं आहे. सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी, हिमयुग सरत असताना, हा प्रवाह मंदावला. वितळलेल्या बर्फाचं गोडं पाणी उत्तर अटलांटिकमध्ये आलं, तिथलं पाणी हलकं झालं आणि तळाशी जाईना, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. युरोपात हजारावर वर्षं पुन्हा कडाक्याची थंडी पडली. आणि त्याच काळात आपला मानसून दुबळा झाला होता. कुठे ग्रीनलंड आणि कुठे अरबी समुद्र! पण पंगत एकच.

गाळातली रांगोळी

आता तुम्ही विचाराल, बारा हजार वर्षांपूर्वी पाऊस मोजायला कोण बसलं होतं? बसलं होतं की! समुद्रात फोरामिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव असतात. रांगोळीच्या कणाएवढे. त्यांच्या अंगावर चुन्याचं नाजूक कवच असतं. जीव मेला की कवच तळाशी जातं आणि गाळात साठत राहतं. वर्षानुवर्षं, थरावर थर. खोल समुद्रात हजार वर्षांत काही सेंटिमीटर एवढाच गाळ साचतो. जहाजावरून लांब नळी तळात खुपसून हा गाळ उभाच्या उभा बाहेर काढतात. गोव्यात दोना पावला इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६मध्ये सुरू झालेली. तिथे हे काम कित्येक वर्षं चालत आलं आहे. डॉ. राजीव निगम यांच्यासारख्या संशोधकांनी या रांगोळीच्या कणांवर सगळी हयात घालवली.

या कवचांच्या घडणीवरून त्या वेळी पाणी किती गार किंवा कोमट होतं ते कळतं. कुठल्या जातीचे जीव जास्त होते, त्यावरूनही कळतं. यातली एक जात आहे ग्लोबिजेरिना बुलॉइडिस. ती गार पाण्यातली. ओमानच्या किनाऱ्याजवळ ती भरभरून वाढते तेव्हाच, जेव्हा पावसाळी वारे जोराने वाहून खोलातलं गार पाणी वर आणतात. म्हणजे गाळाच्या ज्या थरात ही कवचं जास्त, त्या काळी मानसूनचे वारे जोराचे. ज्या थरात कमी, तेव्हा वारे दुबळे. आपण जात्याभोवतीच्या पिठावरून काय दळलं ते ओळखतो ना, तसंच हे.

या गाळाने सांगितलेली गोष्ट अशी. सुमारे दहा ते सात हजार वर्षांपूर्वी मानसून आजच्यापेक्षा जोराचा होता, कारण पृथ्वीच्या फिरण्यातल्या संथ बदलांमुळे उन्हाळ्यात उत्तर गोलार्धाला ऊन जास्त मिळत होतं. नंतर तो हळूहळू उतरत गेला, मध्येच झटके बसत. सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी मोठा कोरडा काळ आला. मेघालयातल्या मॉम्लू गुहेतल्या चुनखडीच्या थरांतही तो नोंदला गेला आहे आणि त्यावरूनच २०१८मध्ये भूगर्भशास्त्रज्ञांनी आपल्या चालू कालखंडाला 'मेघालयन' हे नाव दिलं.

आणि आता घराजवळ या. निघोजच्या रांजणखळग्यांतून वाहणारी आपली कुकडी पुढे घोड नदीला मिळते. त्याच घोडच्या काठी, शिरूर तालुक्यात, इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८पासून पुढे बरीच वर्षं तिथे उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथे शेतकरी राहत होते. चौकोनी, ऐसपैस घरं, धान्याच्या कणग्या, पाण्यासाठी खणलेला चर आणि बांध. म्हणजे पाणी अडवायची अक्कल आपल्या भागात आजची नाही! पण पुढे, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी, चित्र पालटलं. चौकोनी घरं गेली आणि लहान गोल झोपड्या आल्या. शेती घटली, शिकारीवर आणि जनावरांवर भर वाढला. शेवटी वस्ती उठली. पाऊस कमी होत गेला म्हणून हे झालं, असं म. के. ढवळीकर यांनी मांडलं. जोर्वे, नेवासे, दायमाबाद ही आपल्या जिल्ह्यातली गावंही याच संस्कृतीची.

या कणग्या लिंपणाऱ्या, गोल झोपडीत चूल मांडणाऱ्या बायका माझ्या डोळ्यांपुढे येतात. एखादं पिढीजात घर सोडून निघताना त्यांनी काय काय बरोबर घेतलं असेल? त्यांना पाऊस का कमी झाला ते कळायचा मार्ग नव्हता. आपल्याला तो आहे. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

१९९७ आणि २००२चं कोडं

'एल निनो' हा शब्द आता टीव्हीमुळे सगळ्यांना माहीत झाला आहे. प्रशांत महासागराच्या मध्य आणि पूर्व भागातलं पाणी नेहमीपेक्षा तापलं की आपल्याकडे दुष्काळाची भीती असते. १९९७मध्ये फार जबरदस्त एल निनो होता. सगळ्यांनी धास्ती घेतली आणि पाऊस झाला सरासरीइतका! उलट २००२मध्ये एल निनो त्याहून सौम्य होता, पण जुलै महिना कोरडा गेला. देशभरात त्या महिन्यात निम्म्याहून कमी पाऊस पडला. दुष्काळ पडला तो पडलाच.

हे कोडं सुलोचनाबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४मध्ये बऱ्याच अंशी सोडवलं. नुसता प्रशांत महासागर बघून भागत नाही, आपला हिंदी महासागरही बघायला हवा, असं त्यांनी दाखवलं. विषुववृत्तावर आफ्रिकेच्या बाजूला ढग जास्त आणि सुमात्राच्या बाजूला कमी असतील, तर ते आपल्याला अनुकूल. उलट झालं तर प्रतिकूल. १९९७मध्ये हिंदी महासागराने आपली बाजू सांभाळली, २००२मध्ये दोन्ही समुद्र विरोधात गेले. त्यांचा मुलगा सिद्धार्थ गणितज्ञ. मायलेकांनी मिळून २००६मध्ये आणखी एक हिशेब मांडला. मोठ्या दुष्काळाच्या वर्षी देशाच्या एकूण उत्पन्नाला २ ते ५ टक्के फटका बसतो, आणि चांगल्या पावसाच्या वर्षी तेवढा फायदा मात्र होत नाही. घर चालवणाऱ्या बाईला हे वेगळं सांगावं लागत नाही. वाईट वर्षी काढलेलं कर्ज चांगल्या वर्षात फिटतंच असं कुठे आहे?

आता तर समुद्रच तापत चालला आहे. पुण्याच्या त्याच मौसम विज्ञान संस्थेतले डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की १९०१ ते २०१२ या काळात हिंदी महासागराचा पश्चिम भाग उन्हाळ्यात सुमारे १.२ अंशांनी तापला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात अतिवृष्टीच्या मोठ्या घटना तिपटीने वाढल्या. म्हणजे बाईच्या वाट्याला दोन्ही संकटं. एकदा कोंब करपतात, एकदा काढलेला कांदा भिजतो. २०२३चा ऑगस्ट तर १९०१पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. आणि तो अटलांटिकचा मोठा प्रवाहही या शतकात मंदावत जाईल, असं जागतिक हवामान समितीने २०२१च्या अहवालात सांगून ठेवलं आहे.

बांधावरचं विज्ञान

मला सुलोचनाबाईंची सगळ्यात भावलेली गोष्ट म्हणजे त्या शेतकऱ्यांच्या बांधावर गेल्या. कर्नाटकातलं पावगडा, आंध्रातलं अनंतपूर, हा आपल्यासारखाच कोरडवाहू मुलूख. तिथे भुईमूग पावसावर घेतात. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक वर्षांच्या पावसाच्या नोंदी घेतल्या, भुईमुगाला कुठल्या अवस्थेत पाणी लागतं ते पाहिलं आणि दोन्ही एकमेकांवर ठेवून बघितलं. निघालं असं, की सुरुवातीच्या सरीवर घाईने पेरलं तर शेंगा भरायच्या वेळेला नेमका खंड येण्याचा धोका जास्त. पेरणी थोडी उशिरा, जुलैच्या मध्यानंतर केली, तर धोका कमी.

त्यांचं म्हणणं साधं होतं. जुन्या पिकांचं ज्ञान शेतकऱ्याकडे पिढ्यान् पिढ्यांचं असतं, त्याला तोड नाही. पण पिकं झपाट्याने बदलली. नव्या पिकाचं आणि पावसाचं जमतं कसं, ते अजमावायला पिढ्या मिळाल्याच नाहीत. तिथे पावसाच्या नोंदी आणि गणित कामाला येतं, पण शेतकऱ्याला बरोबर घेऊनच. आपल्याकडे बघा ना. बाजरी-मटकीचं गणित आजीला तोंडपाठ होतं. वाटाणा, कांदा, सोयाबीन यांचं गणित कुणाच्या आजीने सांगितलंय?

भुईमुगाची तारीख पारनेरला जशीच्या तशी लागू होणार नाही, हे उघड आहे. मुगाचा वाफसा वेगळा, आपली जमीन वेगळी, आपला पाऊस वेगळा. पण पद्धत लागू होते. पाऊस मोजायचा, लिहायचा, आणि मग ठरवायचं.

वही आपल्या हातात

आपल्या राळेगणसिद्धीने १९७५नंतर पाणलोटाची कामं करून दाखवली. शेजारच्या नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडला. पाऊस किती झाला ते मोजायचं आणि त्यावरून कुठली पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचं. समुद्र आपल्या हातात नाही, पण पडलेला थेंब आणि पेरणीचा दिवस बराचसा आपल्या हातात आहे.

मी आता गटांमध्ये तीन गोष्टी सांगते. पहिली, सरळ उभ्या कडेचा, सपाट बुडाचा डबा अंगणात मोकळ्या जागी ठेवा, झाड किंवा वळचण नको. रोज सकाळी पट्टीने आतलं पाणी मिलिमीटरमध्ये मोजा, वहीत तारीख घालून लिहा आणि डबा रिकामा करा. शाळेत जाणारी पोर हे काम आनंदाने करते. दुसरी, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल गेल्याशिवाय पेरणी नको, असं कृषी खातं सांगत असतं. ते वहीवर पडताळून बघा. एका सरीला भुलायचं नाही. तिसरी, घरात कुणाच्या ना कुणाच्या हातात मोबाइल असतोच. हवामान खात्याचं 'मेघदूत' ॲप २०१९पासून आहे, मंगळवारी आणि शुक्रवारी त्यावर शेतीचा सल्ला येतो. पुढच्या पाच दिवसांचा अंदाज बघायला पोराला सांगा, आणि तो ऐकल्यावरच गटातून बियाण्याचं कर्ज उचला.

यात एक अडचण येते, तीही सांगते. पेरणी कधी करायची हे घरात बाईला विचारतं कोण? निंदणी तिची, खुरपणी तिची, बी निवडून राखेत घोळून ठेवणं तिचं. पण पेरणीचा दिवस ठरवतात गडीमाणसं. काही घरांत मात्र वहीने फरक पडायला लागला आहे. 'आतापर्यंत बेचाळीस मिलिमीटर झालाय, अजून थांबा' असं सून पट्टी दाखवून म्हणते, तेव्हा सासरेही चष्मा लावून वही बघतात. आकड्याशी भांडता येत नाही ना!

घरात गणित आवडणारी मुलगी असेल तर तिला 'बाईच्या जातीला गणित कशाला' असं चुकूनही म्हणू नका. पुण्यातल्या अशाच एका मुलीने गणित धरून ठेवलं, म्हणून आज आपल्याला ठाऊक आहे की खंड का पडतो. तिच्या हातात हार्वर्डची वही होती. आपल्या पोरीच्या हातात अंगणातल्या डब्याची असेल. या मृगाला पहिलं पान लिहायला बसवा तिला.